विश्लेषण : जुन्या मोटारींवरच चोरांचा डोळा का? त्या वाचवायच्या कशा?

महाराष्ट्रात १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या वाहनांना उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, म्हणजेच एचएसआरपी, बसवणे सक्तीचे झाले आणि जुन्या वाहनांच्या सुरक्षेचा विषय घरोघरी पोहोचला. नवी पाटी बसली म्हणजे गाडी सुरक्षित झाली, असा अनेकांचा समज झाला आहे. पण पाटी गाडीची ओळख पटवते, गाडीला कुलूप लावत नाही. दहा-पंधरा वर्षे जुन्या मोटारीत चोराला काय मिळते, तिचे कुलूप किती भरवशाचे असते, चोरी झाल्यास विमा किती आधार देतो आणि थोडक्या खर्चात कोणती काळजी घेता येते, याविषयी...

जुन्या गाडीतून चोराला काय मिळते?

बाजारात जेमतेम लाख-दीड लाख किंमत असलेली गाडी कोण चोरणार, असे मालकाला वाटते. चोराचा हिशेब वेगळा असतो. तो गाडी पूर्ण विकतोच असे नाही. इंजिन, गिअरबॉक्स, दरवाजे, दिवे, चाके, बॅटरी असे सुटे केलेले भाग एकत्र केले तर त्यांची किंमत अनेकदा अख्ख्या गाडीपेक्षा जास्त भरते. ज्या मॉडेलच्या लाखो गाड्या रस्त्यावर आहेत, त्याच्या भागांना गिऱ्हाईकही कायम असते. मारुती ८०० हे मॉडेल १९८३ ते २०१४ अशी तब्बल तीन दशके बनत होते. अशा गाड्यांचे उत्पादन थांबले तरी दुरुस्तीसाठी भाग लागतातच आणि ते नवे मिळत नसतील तर जुन्याचा भाव वाढतो. उत्तर प्रदेशातील मेरठ येथील सोतीगंज बाजार चोरीच्या गाड्या सुट्या करण्यासाठी देशभर कुप्रसिद्ध होता. पोलिसांनी २०२१च्या अखेरीस कारवाई करून तो बंद पाडला. पण मागणी कायम असेल तर एक बाजार बंद झाल्याने धंदा संपत नाही.

दुसरा मार्ग कागदपत्रांचा. अपघातात पूर्ण निकामी झालेल्या गाडीचा सांगाडा कागदपत्रांसह विकत घ्यायचा, त्याच मॉडेलची, त्याच रंगाची गाडी चोरायची आणि तिच्यावर निकामी गाडीचा चेसिस क्रमांक चढवायचा. वाहनचोरीच्या तपासात ही पद्धत वारंवार समोर आली आहे. येथे चोराला महागडी गाडी नको असते, हुबेहूब तशीच गाडी हवी असते.

तिसरा प्रकार एखाद्याच भागाच्या चोरीचा. काही वर्षांपूर्वी पुणे, नाशिक, मुंबईसह गुजरातमध्येही मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे सत्र सुरू झाले होते. धूर शुद्ध करण्यासाठी बसवलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम हे मौल्यवान धातू अल्प प्रमाणात असतात. मार्च २०२२ मध्ये पॅलेडियमचा आंतरराष्ट्रीय भाव विक्रमी पातळीवर गेला होता. शाळेची मुले ने-आण करणाऱ्या किंवा भाजीपाला वाहणाऱ्या गाडीवाल्याचा मात्र त्या एका भागापायी धंदाच बंद पडतो.

जुन्या गाडीचे कुलूप कमकुवत का असते?

आजच्या बहुतेक गाड्यांच्या चावीत एक छोटी चिप असते. चावी फिरवल्यावर चिपमधील सांकेतिक क्रमांक गाडीतील संगणकाशी जुळला, तरच इंजिन सुरू होते. या यंत्रणेला इमोबिलायझर म्हणतात. ती असेल तर दरवाजा उघडून आत शिरलेल्या चोरालाही गाडी सहज नेता येत नाही. भारतात गेल्या दोन दशकांत ही सोय हळूहळू सर्वसाधारण गाड्यांपर्यंत आली. त्याआधीच्या गाड्यांत आणि नंतरच्याही काही स्वस्त मॉडेलमध्ये मात्र फक्त दात्यांची साधी चावी आणि स्टिअरिंगचे मूळ कुलूप एवढाच अडसर असतो.

त्यात वयाची भर पडते. वर्षानुवर्षे वापरून चावीचे दाते आणि कुलपातील पात्या झिजतात. मग त्याच कंपनीची दुसरी चावीही कधी कधी त्यात फिरते. इंजिन चालू असताना चावी बाहेर निघत असेल, किंवा चावी थोडी हलवल्याशिवाय दरवाजा उघडत नसेल, तर कुलूप बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे. तीन-चार हात फिरून आलेल्या गाडीच्या किती चाव्या कोणाकडे राहिल्या, हेही आजच्या मालकाला ठाऊक नसते.

युरोपीय संघाने ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर बंधनकारक केला. ऑस्ट्रेलियाने २००१ मध्ये, तर कॅनडाने २००७ मध्ये तेच केले. या उपकरणामुळे वाहनचोरी लक्षणीय घटल्याचे नेदरलँड्समधील अर्थशास्त्रज्ञांच्या अभ्यासातून दिसले. त्याच अभ्यासाने दुसरी बाजूही पुढे आणली. चोरांचा काही मोर्चा उपकरण नसलेल्या गाड्यांकडे वळला. नव्या गाड्या जितक्या पक्क्या होत जातात, तितकी शेजारची जुनी गाडी चोराला सोयीची वाटू लागते.

अमेरिकेतील किया-ह्युंदाई प्रकरण काय सांगते?

अमेरिकेत इमोबिलायझरची सक्ती नव्हती. किया आणि ह्युंदाई या कंपन्यांनी तेथे विकलेल्या अनेक मॉडेलमध्ये तो बसवला नव्हता. अमेरिकेतील विमा उद्योगाच्या संशोधन संस्थेनुसार, २०१५च्या मॉडेलपैकी इतर कंपन्यांच्या ९६ टक्के मॉडेलमध्ये इमोबिलायझर मूळचाच होता. या दोन कंपन्यांत हे प्रमाण अवघे २६ टक्के होते. २०२२ मध्ये या गाड्या कशा सुरू करायच्या हे दाखवणाऱ्या चित्रफिती टिकटॉकवर पसरल्या आणि अल्पवयीन मुलेही गाड्या पळवू लागली. या प्रकारांशी संबंधित किमान १४ अपघात आणि आठ मृत्यूंची नोंद झाल्याचे तेथील महामार्ग सुरक्षा यंत्रणेने फेब्रुवारी २०२३ मध्ये सांगितले. कंपन्यांनी सुमारे ८३ लाख गाड्यांसाठी मोफत सॉफ्टवेअर सुधारणा जाहीर केली.

या प्रकरणातील सर्वात बोलका भाग वेगळाच आहे. सॉफ्टवेअर सुधारणा पोहोचेपर्यंत आणि ती लागू न होणाऱ्या गाड्यांसाठी कंपन्यांनी पोलिसांमार्फत हजारो मालकांना काय वाटले, तर स्टिअरिंगला आडवा लावायचा लोखंडी दांडा. इलेक्ट्रॉनिक संरक्षण नसलेल्या गाडीला बाहेरून दिसणारा साधा अडसरच तातडीने उपयोगी पडतो, हे त्यातून मान्य झाले.

एचएसआरपीमुळे चोरी थांबते का?

ही पाटी ॲल्युमिनियमची असते. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला कायमस्वरूपी क्रमांक असतो. ती पुन्हा काढता न येणाऱ्या स्नॅप लॉकने बसवली जाते आणि तिची नोंद ‘वाहन’ या सरकारी प्रणालीत गाडीच्या इंजिन व चेसिस क्रमांकाशी जोडली जाते. मोटारीच्या समोरच्या काचेवर आतून लावायचे स्टिकर ही तिसरी पाटी मानली जाते. राज्यात मोटारीसाठी या पाट्यांचा दर ७४५ रुपये अधिक जीएसटी ठरवण्यात आला. सुरुवातीची मुदत ३१ मार्च २०२५ होती. ती नंतर अनेकदा वाढवावी लागली.

पाटीचा खरा फायदा चोरीनंतरचा आहे. पूर्वी कोपऱ्यावरच्या दुकानात कोणत्याही क्रमांकाची पाटी काही मिनिटांत बनवून मिळे. आता बनावट पाटी ओळखणे पोलिसांना तुलनेने सोपे जाते. चोरलेली गाडी दुसऱ्या क्रमांकाने राजरोस फिरवणे कठीण होते. पण जी गाडी रात्रीतून एखाद्या गोदामात नेऊन सुटी करायची आहे, तिच्यावर कोणती पाटी आहे याने चोराला फरक पडत नाही. जुन्या गाड्यांना मोठा धोका असतो तो नेमका याच प्रकाराचा. म्हणूनच पाटी बसवणे कायद्याने आवश्यक असले, तरी अडसराची सोय मालकाला वेगळी करावी लागते.

कमी खर्चात कोणते उपाय परिणामकारक ठरतात?

कोणतेही कुलूप चोराला कायमचे रोखत नाही. ते त्याचा वेळ खाते. रस्त्यावर उभ्या गाडीशी पाच मिनिटे झटापट करणे चोराला परवडत नाही, त्यामुळे प्रत्येक उपायाचे मोल तो किती वेळ खातो आणि बाहेरून दिसतो का, यावर ठरते.

पहिला उपाय स्टिअरिंग लॉक किंवा गिअर लॉकचा. स्टिअरिंगवरचा दांडा काचेतून दिसतो, हाच त्याचा मोठा गुण. गिअर लॉक बहुधा गाडी रिव्हर्स गिअरमध्ये ठेवून लावला जातो. तो गाडीच्या सांगाड्याला पक्का बसवलेला असल्याने तोडायला अधिक वेळ लागतो. दोन्ही असतील तर उत्तम, पण ते रोज लावले तरच. चोरीच्या दिवशी लॉक डिकीत पडून होता, ही तक्रार नवी नाही.

दुसरा उपाय दडवलेल्या स्विचचा. तो बंद असताना चावी फिरवली तरी इंजिन सुरू होत नाही. येथे गाडीचा प्रकार पाहावा लागतो. इंजेक्शन प्रणालीच्या पेट्रोल गाडीत इंधनाचा पंप विजेवर चालतो, त्यामुळे त्याची जोडणी तोडणारा स्विच उपयोगी पडतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पंप बहुधा यांत्रिक असतो. तेथे इग्निशन कॉइलचा पुरवठा तोडावा लागतो. हे काम अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच, योग्य फ्यूज आणि रिले घालून करून घ्यावे. उघड्या जोडांवर टेप गुंडाळून केलेले वायरिंग जुन्या गाडीला आग लावू शकते. स्विच कोठे बसवला, हे धुलाई केंद्रापासून पार्किंगच्या कामगारापर्यंत सर्वांना सांगत बसू नये.

तिसरा उपाय जीपीएस ट्रॅकरचा. प्रवासी वाहतुकीच्या बहुतेक वाहनांना १ जानेवारी २०१९ पासून ठिकाण दाखवणारे उपकरण सक्तीचे झाले, खासगी मोटारींना नाही. ट्रॅकर चोरी रोखत नाही, गाडी शोधायला मदत करतो. तळघरातील पार्किंगमध्ये त्याचा संपर्क तुटू शकतो, सिमकार्डचे रिचार्ज संपले तर तो निरुपयोगी होतो. तो डॅशबोर्डखाली समोरच लावला तर चोर आधी तोच उपटतो.

चौथा उपाय झिजलेली कुलपे बदलण्याचा. दरवाजे, डिकी आणि इग्निशनचा पूर्ण संच बदलला की जुन्या सगळ्या चाव्या एकदम बाद होतात. चाके आणि स्टेपनीसाठी खास चावीनेच सुटणारे नट मिळतात. इंजिन व चेसिस क्रमांक काचांवर कोरून घेण्याचाही उपयोग होतो, कारण क्रमांक असलेल्या सहा काचा बदलणे चोराला खर्चाचे पडते.

पार्किंगची जागा हा खर्चाविना होणारा उपाय. दिव्याखाली, सीसीटीव्हीच्या नजरेत, गाडीचा सायलेन्सर किंवा डिकी भिंतीकडे येईल अशी गाडी लावावी. महिनोन्महिने एका जागी उभी, धूळ साचलेली, चाकातील हवा गेलेली गाडी ‘हिला कोणी वाली नाही’ असे सांगत असते. आठवड्यातून एकदा ती पुसून, सुरू करून जागा बदलावी. त्यामुळे बॅटरी टिकते आणि अलार्म असल्यास तोही चालू राहतो.

काच फोडून होणाऱ्या चोऱ्या कशा टाळायच्या?

गाडी न नेता आतील बॅग, लॅपटॉप, मोबाइल पळवण्याचे प्रकार शहरांत अधिक घडतात. बाजूच्या काचा एका फटक्यात चुरा होतील अशाच बनवलेल्या असतात. अपघातात सुटका सोपी व्हावी म्हणून ही सोय आहे, चोर तिचाच फायदा घेतो. गाडीखाली ऑइल गळते आहे, नोटा पडल्या आहेत असे सांगून चालकाला खाली उतरवायचे आणि दुसऱ्या दाराने बॅग उचलायची, ही पद्धतही जुनीच. अशा वेळी उतरण्यापूर्वी इंजिन बंद करून चावी हातात घ्यावी आणि दारे लॉक करावीत.

आतले दिसू नये म्हणून गडद फिल्म लावणे हा मार्ग नाही. समोरच्या व मागच्या काचेतून ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे, असा नियम आहे. त्यापेक्षा आसनावर काहीच न ठेवणे सोपे. सामान डिकीत ठेवायचे असेल तर ते निघतानाच ठेवावे. मुक्कामी पोहोचून सर्वांसमोर डिकी उघडली, तर काय ठेवले हे पाहणाऱ्यालाही कळते. मूळ आरसी आणि विम्याची कागदपत्रे गाडीत ठेवू नयेत. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनवरील प्रती २०१८ पासून तपासणीसाठी ग्राह्य धरल्या जातात. मूळ कागदपत्रे गाडीसोबत गेली, तर चोराच्या हाती मालकाचा पत्ताही लागतो आणि बनावट विक्रीची सोयही होते.

विम्याचा आधार किती?

जुन्या गाडीच्या मालकाचे खरे नुकसान येथे होते. कायद्याने सक्तीचा आहे तो फक्त थर्ड पार्टी विमा. त्यात गाडीच्या चोरीची भरपाई मिळत नाही. गाडी जुनी झाली की हप्ता वाचवण्यासाठी अनेक जण सर्वंकष विमा सोडून केवळ थर्ड पार्टी विमा ठेवतात. गाडी चोरीला गेल्यानंतर ‘विमा चालू आहे’ या समजुतीतला फोलपणा कळतो.

सर्वंकष विमा असला तरी भरपाई गाडीच्या विमाकृत मूल्याइतकी, म्हणजे आयडीव्हीइतकीच मिळते. पाच वर्षांपर्यंतच्या गाडीसाठी घसाऱ्याचे प्रमाण ठरलेले आहे. चार ते पाच वर्षांच्या गाडीसाठी ते ५० टक्के असते. त्यापुढील गाडीचे मूल्य मालक आणि कंपनी यांच्या संमतीने ठरते. नूतनीकरण करताना थोडका हप्ता वाचवण्यासाठी हे मूल्य फार खाली येऊ दिले, तर चोरीनंतर मिळणाऱ्या रकमेत तशी दुसरी गाडी येत नाही. केवळ थर्ड पार्टी विमाच ठेवायचा असेल, तर त्याला आग आणि चोरीचे मर्यादित संरक्षण जोडता येईल का, याची विचारणा विमा कंपनीकडे जरूर करावी. पुण्यातील ‘एआरएआय’ या संस्थेने प्रमाणित केलेले चोरीविरोधी उपकरण बसवल्यास मोटार टॅरिफनुसार स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात अडीच टक्के, पण जास्तीत जास्त ५०० रुपये सवलत मिळू शकते. गाडीत ठेवलेला लॅपटॉप किंवा दागिने मात्र गाडीच्या साध्या विम्यात येत नाहीत.

चावी गाडीतच राहिली, तर निष्काळजीपणाचे कारण देऊन दावा नाकारला जाऊ शकतो. दाव्याच्या वेळी कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. त्यामुळे हरवलेल्या चावीची नोंद वेळीच करून ठेवावी.

गाडी चोरीला गेल्यावर आधी काय करावे?

आधी ११२ क्रमांकावर कळवावे आणि लगेच पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवावा. गाडी टोइंगने उचलली तर नाही ना, याची खातरजमा वाहतूक पोलिसांकडे त्याच वेळी करता येते. हद्दीचा वाद घालून परत पाठवले जात असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो. इलेक्ट्रॉनिक माध्यमातून माहिती दिल्यास तीन दिवसांत जाऊन स्वाक्षरी करावी लागते. साध्या चोरीसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ नुसार तीन वर्षांपर्यंत, तर प्रवासी किंवा माल वाहून नेणाऱ्या वाहनाच्या आणि त्यातील वस्तूंच्या चोरीसाठी कलम ३०५ नुसार सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.

विमा कंपनीलाही त्याच दिवशी लेखी कळवावे. गुन्हा तत्काळ नोंदवलेला असेल, तर केवळ विमा कंपनीला उशिरा कळवले म्हणून खरा दावा फेटाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात स्पष्ट केले. पण त्या भरवशावर वेळ घालवण्यात अर्थ नाही. फास्टॅग लगेच बंद करू नये. आधी पोलिसांना त्याची माहिती द्यावी, कारण टोलनाक्यावर पैसे कापल्याचा संदेश गाडीची दिशा सांगू शकतो. अर्थात, मुंबईच्या पाच प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल माफ असल्याने तेथे असा संदेश येणार नाही. ट्रॅकरवर गाडी दिसली, तरी स्वतः पाठलाग करू नये. ते ठिकाण पोलिसांना कळवावे.

गाडी मिळाली नाही, तर पोलीस न्यायालयात अंतिम अहवाल देतात. गुन्हा खरा, पण छडा लागला नाही, अशा अहवालाला महाराष्ट्रात ‘ए समरी’ म्हणतात. विमा कंपनी भरपाई देण्यापूर्वी हाच अहवाल मागते. त्याचा पाठपुरावा मालकालाच करावा लागतो. त्यासाठी आरसीची प्रत, चेसिस व इंजिन क्रमांक, गाडीची चारही बाजूंनी आणि ओळखीच्या ओरखड्यांसह काढलेली छायाचित्रे आधीच फोनमध्ये व घरी ठेवलेली बरी.

जुनी गाडी विकत घेताना कोणती खबरदारी घ्यावी?

चोरीच्या गाडीला गिऱ्हाईक मिळते, म्हणूनच चोरी होते. चेसिस आणि इंजिन क्रमांक कागदांशी स्वतः पडताळावेत. क्रमांकाभोवती घासल्याच्या किंवा पुन्हा वेल्डिंग केल्याच्या खुणा असतील तर व्यवहार सोडून द्यावा. गाडी चोरीची म्हणून नोंदलेली नाही, याचा दाखला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावरून काढता येतो. व्यवहारानंतर नाव हस्तांतर लांबवू नये आणि ताबा मिळताच कुलपांचा संच बदलावा. हीच सावधगिरी सुट्या भागांबाबतही हवी. बिल न देता निम्म्या किमतीत मिळणारा दरवाजा किंवा सायलेन्सर कोणाच्या तरी दारातून गेलेला असू शकतो. असा माल घेणारे असतील, तोवर तशीच जुनी गाडी वापरणारा पुढचा मालकही त्याच धोक्यात राहील.